स्वभावाला औषध असतं

आमच्या घरात एक वाक्य तीन पिढ्या चालत आलंय. "आपला राग घराण्यातलाच!" आजोबांनी भरलं ताट भिरकावल्याची गोष्ट लहानपणी आम्ही भावंडांनी चक्क कौतुकाने ऐकलेली आहे. त्यामुळे मी चिडलो की घरातले म्हणायचे, स्वभावाला औषध नाही. आणि मला ते सोयीचंच होतं.

गेल्या श्रावणातली गोष्ट. आईने एका सकाळी सहाव्यांदा विचारलं, "गॅस बंद केलास का रे?" आणि मी ओरडलो. आई काहीच बोलली नाही. आपलंच काहीतरी चुकलं असावं अशा चेहऱ्याने ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. तिला आता विसरायला होतं, हे मला माहीत आहे. ओरडायचं नाही असं मी आदल्या रात्रीच ठरवलंही होतं. तरी ओरडलो. मग संध्याकाळी लेक म्हणाली, "बाबा, मीपण अशीच चिडते. आपल्या घराण्यातच आहे ना?"

हे मात्र आत कुठेतरी लागलं.

ठरवलं एक आणि झालं दुसरंच, मग माणूस स्वतंत्र आहे असं म्हणायचं तरी कसं? गीता या प्रश्नाला दोन उत्तरं देते. अठराव्या अध्यायाच्या 60 व्या श्लोकात कृष्ण अर्जुनाला बजावतो, की तू नाही म्हणालास तरी तुझा स्वभाव तुला ओढत नेईल. आणि तीनच श्लोकांनंतर म्हणतो, सगळा विचार कर आणि मग तुला हवं तसं वाग. मला कित्येक वर्षं ही सरळ सरळ विसंगती वाटायची. टिळकांनीही 'गीतारहस्या'चं अख्खं दहावं प्रकरण कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांचा मेळ घालण्यासाठी दिलंय, म्हणजे प्रश्न काही साधा नाही.

आता मला वाटतं, दोन्ही उत्तरं खरी आहेत, फक्त वेगवेगळ्या वेळांना लागू आहेत. सहाव्यांदा प्रश्न आला त्या क्षणी मी फारसा स्वतंत्र नव्हतोच. चाळीस वर्षांची सवय तोंड उघडून मोकळी झाली होती. पण आदल्या दिवशी, त्याच्या आदल्या दिवशी, शांत असताना मी स्वतंत्र होतो. तेव्हा मी केलं काय? नुसतं ठरवलं! आजवर पाण्यात न उतरलेल्या माणसाने 'उद्या बुडायचं नाही' असं ठरवून विहिरीत उडी मारावी, तसं.

ठरवणं आणि अभ्यास यांत हा फरक आहे. मन वाऱ्यासारखं आवरत नाही अशी तक्रार अर्जुन सहाव्या अध्यायात करतो. कृष्ण ती नाकारत नाही. अभ्यास आणि वैराग्य असे दोन उपाय सांगतो. पतंजलीच्या योगसूत्रांतही नेमके हेच दोन शब्द आहेत, आणि वर अट अशी की अभ्यास दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदराने व्हायला हवा. मला यातला 'आदराने' फार महत्त्वाचा वाटतो. मनाला बडवून ते सुधारत नाही. समर्थांनीही 'मनाच्या श्लोकां'त मनाला सज्जन म्हणूनच समजावलंय.

योगवासिष्ठात एक छान दृष्टांत आहे. मागचा प्रयत्न आणि आजचा प्रयत्न हे दोन एडके टकरा घेत असतात, ज्याचा जोर जास्त तो जिंकतो. दैव म्हणजे दुसरं तिसरं काही नसून आपलाच जुना प्रयत्न! हे पटलं की 'घराण्यातलाच राग' या वाक्यातली हवा निघून जाते. राग वारशाने आला असेलही, पण त्याला रोज खाऊपिऊ मीच घालतोय.

मग मी दोन गोष्टी सुरू केल्या. सकाळी दहा मिनिटं जप. मन पळतं, परत आणायचं. पुन्हा पळतं, पुन्हा आणायचं. आधी वाटायचं, मन पळालं म्हणजे जप फुकट गेला. आता कळतंय की ते परत आणणं हाच खरा व्यायाम आहे. दुसरी गोष्ट पतंजलीने सांगितलेली प्रतिपक्षभावना, म्हणजे वाईट विचार उसळला की त्याच्या विरुद्ध विचार मुद्दाम समोर आणायचा. मी स्वतःला सांगतो, आई त्रास द्यायला विचारत नाहीये. घर सुखरूप राहावं म्हणून विचारतेय. आठवण गेली, काळजी तेवढी राहिली.

फळ? राग गेलेला नाही. कान अजूनही तापतात. पण गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, ओढ आणि तिटकारा मनात उठूच देऊ नकोस, असं सांगितलेलंच नाही. त्यांच्या ताब्यात जाऊ नकोस, एवढंच म्हटलंय. कान तापणं आणि तोंड उघडणं यांच्यामध्ये आता जराशी फट पडू लागली आहे. माझ्या मते माणसाचं स्वातंत्र्य म्हणजे तेवढीच फट, आणि ती रुंद करायचं काम राग नसताना करावं लागतं. मध्ये दोनदा पुन्हा ओरडलो, तेही सांगून टाकतो. त्या दोन्ही दिवशी आईची माफी मागितली, लेकीसमोर.

आज सकाळी आईने चौथ्यांदा विचारलं. मी उठलो, तिचा हात धरून शेगडीपर्यंत नेलं आणि बटण दाखवलं. "बंद आहे गं." तिने ते स्वतः चाचपून पाहिलं आणि समाधानाने मान हलवली.

असो. आमच्या भावंडांपैकी जे हे वाचत असतील त्यांना एक विनंती. आजोबांच्या ताटाची गोष्ट मुलांना जरूर सांगा, पण कौतुकाने नको. आणि ते ताट, सांडलेला भात रोज कोण गोळा करायचं, तेही सांगा.