पेढीचे आरोग्य

लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर व गेंडीगेट या चार दरवाजांमधील मांडवीजवळ धान्याचा घाऊक व्यापार करीत आम्ही साठी ओलांडली. गिऱ्हाईकास चकाकी आवडते म्हणून तेल-पाण्याने पॉलिश केलेली तूरडाळ आम्हीही वर्षानुवर्षे विकली, हे कबूल केले पाहिजे. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून भरडधान्यांना वाहिले, तेव्हापासून आम्ही बाजरीकडे अधिक लक्ष दिले. बाजरीचे पीठ लवकर कडवट होते. सबब आम्ही दाणाच विकतो व ताजे दळावयास सांगतो. बिनपॉलिश डाळही ठेवली. नफा घटला; परंतु घरी खातो तेच विकण्याचे समाधान लाभले.

पूर्वी रात्री जागून वह्या लिहिताना बेरजा चुकत. आता सूर्यास्तापूर्वी मेळ घालून भोजनास घरी जातो. सकाळी तेच काम निम्म्या वेळात होते. बंधूंनो, प्रत्येक पेढीने निदान एक डाळ बिनपॉलिश ठेवावी, एवढीच नम्र विनंती.