चुंबकाआधी हात

स्तनातील गाठ सुरुवातीला सहसा दुखत नाही, म्हणून ती अंगावर काढली जाते. आधी सोयाबीनची सोंगणी, मग कपाशीची वेचणी, मग लेकीचे लग्न. असे करत अमरावती-अकोल्याच्या खेड्यांतील बाई रुग्णालयाची पायरी चढते, तेव्हा गाठ अनेकदा लिंबाएवढी झालेली असते. अशा वेळी बहुधा आधी केमोथेरपी देऊन गाठ लहान करावी लागते आणि मग शस्त्रक्रिया होते. पण औषध लागू पडते आहे, हे कळणार कधी? गाठ हाताला लहान लागायला काही आठवडे जातात. औषध निरुपयोगी ठरले, तर तेवढा काळ, पैसा आणि अंगातली ताकद वाया जाते.

याचे उत्तर लवकर मिळावे म्हणून एमआर स्पेक्ट्रोस्कोपीचा अभ्यास सुरू झाला. एमआरआय गाठीचे चित्र काढतो. त्याच यंत्रावर होणारी स्पेक्ट्रोस्कोपी गाठीतील रसायनांचा अंदाज देते. प्रत्येक रसायनातील हायड्रोजन चुंबकीय क्षेत्रात किंचित वेगळ्या कंपनसंख्येने प्रतिसाद देतो, त्यामुळे आलेखावर त्याचे शिखर ठरावीक जागी उमटते. स्तनाच्या गाठीत मुख्यतः कोलीनयुक्त रसायनांचे शिखर पाहतात. ही रसायने पेशीचे आवरण तयार होण्याशी जोडलेली आहेत आणि भराभर वाढणाऱ्या कर्कपेशींत त्यांचे प्रमाण वाढते. औषध लागू पडले, की हे शिखर खाली येते.

दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. एन. आर. जगन्नाथन आणि सहकाऱ्यांनी केमोथेरपी घेणाऱ्या स्त्रियांमध्ये हा बदल मोजून २००१ मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या २००४ मधील एका लहान अभ्यासात पहिल्या मात्रेनंतर २४ तासांतच फरक दिसला. मात्र अनेक रुग्णालयांत मिळून झालेल्या अमेरिकी अभ्यासात ११९ पैकी जेमतेम २९ स्त्रियांची मोजमापे विश्लेषणास योग्य निघाली आणि ठाम निष्कर्ष मिळाला नाही. चरबीचा संदेश आणि श्वासाची हालचाल यांनी आलेख बिघडतो. अंगावर पाजणाऱ्या मातेच्या निरोगी स्तनातही कोलीन दिसू शकते. म्हणून ही तपासणी आजही बायोप्सीची जागा घेऊ शकत नाही. तसा दावा कोणी केला, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

आणखी एक गोष्ट विचार करायला लावते. हे मोजमाप मोठ्या गाठीत सोपे जाते, लहान गाठीत अवघड. म्हणजे उशिरा येणाऱ्या वऱ्हाडातील रुग्णांसाठी ते अधिक सोयीचे! ही काही अभिमानाची बाब नव्हे.

गाठ लहान असतानाच सापडावी, यासाठी काय करता येते हे मुंबईने दाखवले आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून वस्त्यांमधील १,५१,५३८ स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतील निम्म्या गटात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: गाठी लवकरच्या अवस्थेत सापडल्या आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मृत्यूंत तशी घट दिसली नाही, हेही सांगायला हवे.

तिशीपुढील स्त्रियांची पाच वर्षांतून एकदा अशी तपासणी सरकारी कार्यक्रमात आहेच. ती नोंदवहीत पुरी होऊन चालणार नाही. धारणी, दर्यापूर, तेल्हाऱ्याच्या उपकेंद्रात पडद्याआड, प्रशिक्षित हातांनी झाली पाहिजे. गाठ लागली, तर बायोप्सीसाठी बाईला नागपूरपर्यंत हेलपाटे घालावे लागू नयेत. अहवाल काही दिवसांत तिच्या हाती पडावा आणि उपचार लगेच सुरू व्हावेत.

स्पेक्ट्रोस्कोपीचे संशोधन मोठ्या केंद्रांत जरूर व्हावे. पण कोट्यवधींचे यंत्र रुग्णालयात आले, तरी बाई वेचणी संपायची वाट पाहत घरीच थांबली, तर त्याचा तिला उपयोग काय? गाठ दुखत नसली तरी या आठवड्यात दाखवावी. वेचणीला चार दिवस उशीर झालेला चालेल.