काटकसर कुणी करायची?

३० ऑक्टोबर हा बचत दिन. १९२४ साली इटलीतल्या मिलान शहरात देशोदेशीच्या बचत बँकांची परिषद भरली होती, तिने ३१ ऑक्टोबर हा दिवस ठरवला. आपल्याकडे ३१ तारखेला इंदिरा गांधींची पुण्यतिथी असते, म्हणून आपण तो एक दिवस आधी पाळतो. त्या दिवशी एखाद्या बँकेच्या दारात फलक लागेल, पोस्टात आवर्ती ठेवीची पत्रके वाटली जातील आणि ‘थेंबे थेंबे तळे साचे’ हे कुणीतरी मुलांना पुन्हा एकदा ऐकवील. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातल्या कड्याला थेंबांचे कौतुक सांगण्याचे २०२५ हे वर्ष नव्हते. सप्टेंबरच्या मध्यावर या भागात असा पाऊस झाला की अडकलेल्या माणसांना काढायला तालुक्यात हेलिकॉप्टर आणावे लागले. शेतातली माती वाहून गेली, काढणीला आलेले पीक पाण्यात गेले. त्यानंतर आठवड्याभरात, २२ सप्टेंबरला, जीएसटीचे दर उतरले आणि दिल्लीने त्याचे नाव ठेवले ‘बचत उत्सव’. साबण आणि टूथपेस्ट स्वस्त झाली हे खरे. ज्याचा कांदा वाफ्यातच सडला, त्याने उत्सव कशाचा करायचा हे मात्र सांगायचे राहून गेले.

गरिबाला बचतीचा उपदेश करण्याची खोड जुनी आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखते जाळली. ते लोण नगर जिल्ह्यात, म्हणजे कड्याच्या शेजारी, येऊन पोचले. २०२५ मध्ये त्याला दीडशे वर्षे झाली. फारसे कुणाला आठवले नाही. सरकारने चौकशीला आयोग बसवला. कुणबी लग्नकार्यात उधळतो आणि मग सावकाराच्या दारात जातो, हे निदान तेव्हा साहेबांच्या बंगल्यांत तयारच होते. आयोगाने मात्र या कारणाला अवास्तव महत्त्व दिले गेल्याचे नोंदवून ठेवले. लग्ने रोज निघत नाहीत. कर्जाच्या बाजूला खरे ओझे पडते ते पोटाला लागणाऱ्या धान्याचे, बैलांच्या खरेदीचे आणि सरकारी साऱ्याचे, असे त्याचे म्हणणे होते. परक्या सरकारच्या कागदात एवढे शहाणपण सापडते आणि आपल्या व्याख्यानांत सापडत नाही, याची खंत वाटते.

कारण काटकसर शिकवायला जायचे तर ती आधीच करून बसलेल्या घरात जावे लागते. कड्याच्या आसपासच्या कुठल्याही वस्तीवर पाहा. रात्रीची उरलेली भाकरी सकाळी कुस्करून तिला मिरची-लसणाची फोडणी मिळते, ताक असेल तर तिचा काला होतो. भाजीला काही नसले की हुलग्याचे शेंगोळे, नाहीतर येसूर लावून केलेली पातळ आमटी. तेल बुधलीतून ओतत नाहीत, पळीने घेतात. ती पळीही निम्मी. सिलिंडर साडेआठशेच्या पुढे गेल्यापासून गॅस सकाळच्या चहाला आणि आल्यागेल्याला. भाकरी चुलीवरच, तुराट्यांच्या आणि गोवऱ्यांच्या जाळावर. तवा उतरला तरी आर फुकट जात नाही, त्यात वांगी ढकलली जातात आणि वर आंघोळीच्या पाण्याचे भगुने चढते. जुन्या लुगड्यांची वाकळ होते, वाकळ फाटली की तिचे पायपुसणे. शहरात हल्ली याच गोष्टींना शून्य-कचरा जीवनशैली म्हणतात आणि त्यावर कार्यशाळा घेतात. कड्याच्या बाईने फी घेऊन शिकवायला हरकत नाही.

आणि दूध. आष्टी तालुका दुधाचा. गावोगाव संकलन केंद्रे, सकाळ-संध्याकाळ कॅन घेऊन निघालेल्या मोटारसायकली. फॅट लागला नाही की दर कापला जातो. दहा दिवसांचे पैसे येतात, त्याला इथे ‘पगार’ म्हणतात. त्यातून पेंडीचे आणि डॉक्टरचे वजा होऊन उरेल ते घराचे. दारात दोन-तीन संकरित गाई आणि घरात पोरांच्या हातात कोरा चहा, हे चित्र इथे कुणाला नवे वाटत नाही. लिटरला बत्तीस रुपये धरले तर पावशेर दूध घरात न ठेवता डेअरीला घातल्याने दिवसाचे आठ रुपये वाचतात. वर्षाचे २,९२०. ही त्या घराची सर्वात मोठी बचत, आणि ती पोरांच्या वाटीतून काढलेली.

आता त्याच घरातला दुसरा आकडा पाहू. घरात तीन मोबाइल. एकेकाचा रिचार्ज २९९ रुपये, तोही अठ्ठावीस दिवसांचा. मोबाइल कंपन्यांच्या पंचांगात वर्षाचे महिने तेरा असतात. तेरा वेळा, तीन फोन: ११,६६१ रुपये. फोन चैनीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. मुकादमाचा निरोप, कांद्याचा भाव, मुलाचा अभ्यास, ‘लाडकी बहीण’च्या पंधराशे रुपयांसाठी लागणारा ओटीपी, सगळे त्याच्यावरच येते. तरी तीनही फोनांना रोजचा दीड जीबी लागतो का, हा प्रश्न त्या घरात कुणी काढत नाही. दुधाचा प्रश्न मात्र रोज पहाटे निघतो आणि रोज एकाच बाजूने सुटतो.

आमचे म्हणणे एवढेच आहे की आपल्या घरांत काटकसरीचा सारा भार चुलीपाशी टाकलेला आहे आणि खर्चाचा सारा अधिकार ओसरीवर ठेवलेला आहे. चहाची पत्ती किती टाकायची हे बाई ठरवते. ट्रॅक्टर हप्त्यावर घ्यायचा की भाड्याने आणायचा, पोराला कुठली गाडी द्यायची, वाढदिवसाचा फ्लेक्स चौकात किती फुटी लावायचा, हे पुरुष ठरवतो. बचत गट तिचा, महिन्याचे शंभर रुपये तिचे, कर्ज तिच्या नावावर, वसुलीला येणारा माणूस तिच्याच दारात उभा. आणि त्या कर्जातून आलेली मोटारसायकल त्याची. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरखर्च पाहणीत ग्रामीण भारताचा माणशी मासिक खर्च ४,१२२ रुपये निघाला. त्यातला निम्म्याहून अधिक भाग खाण्यापिण्याव्यतिरिक्तचा आहे. शिवाय खाण्यातही सर्वात मोठा वाटा धान्याचा नाही आणि दुधाचाही नाही. तो आहे पेये, हॉटेलातले खाणे आणि पाकीटबंद पदार्थांचा. कोरा चहा पिऊन शाळेत निघालेले पोर वाटेवरच्या टपरीवर पाच रुपयांचे कुरकुरीत पाकीट घेते. घरात वाचवलेल्या आठ रुपयांतले पाच तिथेच गेले.

काटकसर कुठवर जाऊ शकते याचे एक उदाहरण बीड जिल्ह्याने देशाला दाखवून दिले आहे आणि ते अभिमानाने सांगण्यासारखे नाही. २०२५ मध्ये १ नोव्हेंबरला उसाचा गळीत हंगाम सुरू झाला. जिल्ह्यातले कोयते निघाले: नवरा-बायको मिळून एक कोयता, घेतलेली उचल आधीच कर्जात गेलेली किंवा उडालेली, ट्रकवर पत्रे, पिठाचे डबे, शेळी आणि पोरे. फडात एक दिवस चुकला की खाडा, खाड्याचा दंड. तो चुकू नये म्हणून बायका काय करतात याची चौकशी २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने केली. ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली. त्यांतली प्रत्येक शस्त्रक्रिया खाड्यासाठीच झाली असे नाही; खासगी दवाखान्यांचा लोभही त्यात आहे. पण दिवस वाचवण्यासाठी शरीराचा भाग काढून टाकणे हा घरखर्चाचा हिशेब होऊ शकतो, एवढे त्या पाहणीने लिहून ठेवले. या बायकांपुढे बचत दिनाचे भाषण करायला कोण उभा राहणार?

बरे, पै पै जमवली तर ती ठेवायची कुठे, हा बीड जिल्ह्यापुरता वेगळाच प्रश्न आहे. बँकेपेक्षा जास्त व्याज देऊ करणाऱ्या मल्टिस्टेट पतसंस्था इथे गल्लोगल्ली उभ्या राहिल्या. निवृत्त शिक्षकाचा फंड, विकलेल्या जमिनीचे पैसे, मुलीच्या लग्नासाठी बाजूला काढलेले, सगळे तिकडे गेले. २०२३-२४ मध्ये एकामागून एक शटरे खाली आली. ज्ञानराधा मल्टिस्टेटचे प्रकरण सक्तवसुली संचालनालयापर्यंत पोचले. ज्यांनी बचत केली तेच बुडाले, उधळ्यांचे काही गेले नाही. हे पाहिल्यावर तरुण मुलाने ‘ठेवून तरी काय उपयोग’ असे विचारले तर त्याला उत्तर देणे सोपे नाही. तरी उत्तर आहे. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. पोस्टाच्या आवर्ती ठेवीत महिना शंभर रुपयांपासून पैसे भरता येतात आणि २०२५ मध्ये ६.७ टक्के व्याज मिळत होते. मुलीच्या नावाच्या सुकन्या खात्यावर ८.२. ओळखीचा संचालक आहे, गावातलाच आहे, ही हमी नव्हे. हा धडा इथल्या ठेवीदारांनी फार महाग विकत घेतला आहे, निदान त्याचा उपयोग व्हावा.

शहाणपणाची लहान-मोठी साधने हाताशी आहेत, ती वापरायला हवीत. एसटीत १७ मार्च २०२३ पासून बाईला निम्मे तिकीट आहे. २३ सप्टेंबर २०२२ पासून आष्टी-नगर रेल्वे कड्यावरून धावते, आणि १७ सप्टेंबर २०२५ पासून ती बीडपर्यंत गेली. नगरला जाताना दर वेळी गाडीची टाकी भरायची गरज नाही. दारात गाई असलेल्या घरात गोबरगॅस का नाही, हा प्रश्न तर आम्हाला कायम पडतो. शेण तिथे, जागा तिथे, आणि सिलिंडर मात्र गावातून आणायचा.

पण सर्वात मोठी गळती लग्नाचीच, हे कड्यातल्या कुणालाही विचारावे. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या आयोगाचे म्हणणे आम्हाला पटते आणि तरीही हे लिहावे लागते, कारण लग्न क्वचित येते हे तेव्हाचे गणित आता बदलले आहे. लग्नाला जोडून साखरपुडा, प्री-वेडिंगचे चित्रीकरण, हळदीचा डीजे, शंभर-दीडशे फेटे, मानपान, असा एका कार्याचा पाच कार्यांएवढा पसारा होतो आणि तो हप्त्यांच्या रूपाने दर महिन्याला घरात येत राहतो. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ रोजी पहिले लग्न अगदी थोडक्या खर्चात लावून दाखवले होते. जून २०२५ मध्ये शेजारच्या अहिल्यानगरात, म्हणजे नगरातच, मराठा समाजाच्या बैठकीने लग्नाची आचारसंहिता ठरवली: माणसे मोजकी, डीजे नको, प्री-वेडिंग नको. ठराव चांगला आहे. आता त्याची परीक्षा आहे. आधी कार्तिकी एकादशी, मग तुळशीची लग्ने, आणि त्यापाठोपाठ माणसांची.

कड्यात आणि तालुक्यात ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांना आमची एवढीच विनंती आहे. बैठकीत सुपारी फुटण्याआधी घरातल्या बाईला माजघरातून बाहेर बोलवा. खर्चाची यादी आणि पेन्सिल तिच्या हातात द्या. तिने जे खोडले, ते खोडलेलेच राहू द्या.