प्रोस्टेटची गोळी मध्येच का सुटते?

अब्बांना आपण रोज विचारतो, "शुगरची गोळी घेतली का?" लघवीच्या गोळीबद्दल मात्र घरात कुणी बोलत नाही. अब्बाही शरमेने गप्प. वजू टिकत नाही म्हणून अनेक बुजुर्ग जमातीला जाणे कमी करतात, पण खरे कारण सांगत नाहीत.

प्रोस्टेट ही मूत्राशयाखालची ग्रंथी वयाबरोबर वाढते. साठीपर्यंत सुमारे निम्म्या पुरुषांत ती वाढलेली आढळते. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. तिच्यावर औषध आहे, पण ते टिकत नाही, हा खरा प्रश्न आहे.

इटलीत चाळिशीपुढील सुमारे १५ लाख पुरुषांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २०१५ मध्ये छापून आलेला निष्कर्ष असा : ज्यांनी किमान सहा महिने औषध घेतले, त्यांच्यापैकी वर्षभर नियमित राहिले फक्त २९ टक्के. तिथे या औषधांचा खर्च सरकारी आरोग्यसेवा उचलते. म्हणजे दोष एकट्या पैशाचा नाही.

गोळ्या मुख्यतः दोन प्रकारच्या. टॅमसुलोसिनने काही दिवसांतच धार सुधारते. मग माणूस म्हणतो, "बरं वाटतंय, आता कशाला?" फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ग्रंथी लहान करते, पण सहा महिने लागतात. तेव्हा तो म्हणतो, "फरकच नाही." दोन्हीकडून गोळी सुटते. कुणाला चक्कर येते, कुणाला वैवाहिक जीवनात अडचण येते. ते डॉक्टरांना न सांगता गोळीच बंद होते.

अमेरिकेत ३,०४७ पुरुषांवर सरासरी साडेचार वर्षे अभ्यास झाला, तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्साझोसिन आणि फिनास्टेराइड एकत्र घेणाऱ्यांमध्ये आजार बळावण्याचा धोका नुसती औषधविरहित गोळी घेणाऱ्यांपेक्षा ६६ टक्क्यांनी कमी होता. औषध सोडले की हा फायदाही हळूहळू जातो. लघवी पूर्ण अडकली, तर मध्यरात्री दवाखाना, नळी आणि कदाचित ऑपरेशन.

आपल्याकडे खर्चाचा प्रश्न आहेच. पण टॅमसुलोसिन जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळते. बहुतेकदा गोळी दिवसातून एकदाच असते, त्यामुळे रमजानमध्येही ती बंद करायची गरज नसते. इफ्तारनंतर घ्यायची का, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

मुलांनो, शुगरच्या गोळीबरोबर या गोळीचेही विचारा. आणि बुजुर्गांनो, त्रास झाला तर गोळी नाही, शरम सोडा.