आकडा लिहून ठेवा, राव!

उद्या प्रोजेक्टची व्हायवा आहे. रात्रीचे साडेअकरा वाजलेत. तुमच्या लॅपटॉपवर महिनाभर मजेत चाललेला प्रोग्राम मित्राच्या लॅपटॉपवर टाकला, तर नुसते एरर! कोड तोच, डेटा तोच. मग बिघडलं काय? बऱ्याचदा उत्तर साधं असतं. तुमच्याकडे पॅकेजचं जुनं व्हर्जन आहे आणि मित्राने आज इन्स्टॉल केलं, म्हणून त्याला नवं मिळालं.

जून २०२४ मध्ये अनेकांनी हे अनुभवलं. पायथॉनमध्ये आकडेमोडीसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या नमपायचं २.० व्हर्जन आलं. त्याचं १.० आलं होतं २००६ मध्ये. इतक्या वर्षांनी पहिला आकडा बदलला आणि जुन्या नमपायवर बांधलेली कित्येक पॅकेजेस नव्याबरोबर चालेनात. पहिला आकडा बदलला की जुनं काही मोडू शकतं, हा या क्षेत्रातला संकेतच आहे. आपण मात्र तो आकडा बघतच नाही.

अशा वेळी मागे जाण्यात कमीपणा काहीच नाही. पायपीआय या पायथॉनच्या अधिकृत भांडारात प्रत्येक पॅकेजच्या पानावर ‘रिलीज हिस्टरी’ असते. तिथे सगळी व्हर्जन्स तारखेसकट दिसतात. तुमचा प्रोग्राम शेवटचा नीट कधी चालला ते आठवा आणि त्याआधीचं व्हर्जन निवडा. एखाद्यापुढे ‘यँक्ड’ लिहिलं असेल, तर ते बनवणाऱ्यांनीच मागे घेतलंय, त्याच्या वाटेला जाऊ नका. मग पिपच्या कमांडमध्ये पॅकेजच्या नावाला जोडून दोन बरोबरची चिन्हं आणि हवा तो आकडा लिहा. नमपायच्या जुन्या मालिकेसाठी तो आकडा १.२६.४.

यात एक मेख आहे. नमपाय १.२६ हे पायथॉन ३.१२ पर्यंतसाठीच तयार मिळतं. पायथॉन त्याहून नवं असेल, तर तेही जुनं लागेल. म्हणून प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं ‘व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट’ द्या. मिसळणाच्या डब्यात हळदीची वाटी वेगळी, मोहरीची वेगळी, तसंच हे. एका प्रोजेक्टचं जुनं सामान दुसऱ्याच्या नव्यात मिसळत नाही.

घाईत होणारी मोठी चूक वेगळीच असते. ‘ओल्ड व्हर्जन फ्री डाऊनलोड’ असं सर्च करायचं आणि पहिल्या साइटवरची फाइल डोळे झाकून चालवायची. किंवा हॉस्टेलभर फिरलेल्या पेन ड्राइव्हमधला सेटअप घ्यायचा. त्यात आणखी काय भरलंय, कोण सांगणार? जुनी फाइलसुद्धा मूळ घरूनच आणा. लिनक्सच्या डेबियनने तर २००५ पासूनच्या पॅकेजेसचा संग्रह सगळ्यांसाठी खुला ठेवलाय.

मग जुनं चांगलं की नवं? डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या पॅकेजमध्ये भलंमोठं भगदाड सापडलं, तेव्हा जुन्यावर राहणारे धोक्यात होते. मार्च २०२४ मध्ये नेमकं उलटं झालं. एक्सझेड या पॅकेजच्या ५.६.० आणि ५.६.१ या ताज्या व्हर्जन्समध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, या शंकेवरून आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनीअरने तो पकडला आणि मग मागच्या व्हर्जनवर जा, असाच सल्ला दिला गेला. दोन्ही वेळा पहिला प्रश्न एकच होता: तुमच्याकडे नेमकं कोणतं व्हर्जन आहे? ज्यांना तो आकडा माहीत होता, ते लगेच कामाला लागले. बाकीचे शोधत बसले.

तेव्हा मित्रांनो, आजच एक काम करा. प्रोजेक्ट नीट चालतोय तोवरच ‘पिप फ्रीज’ ही कमांड द्या, येणारी यादी फाइलमध्ये ठेवा आणि पायथॉनचं व्हर्जनही त्यात लिहा. ती फाइल कोडसोबतच राहू दे. आणि व्हायवाच्या चार दिवस आधी त्या यादीवरून प्रोजेक्ट दुसऱ्याच्या लॅपटॉपवर चालवून बघा. तिथे चालला, तर आदल्या रात्री साडेअकराला निवांत झोपा!