दुखणारा पाय आणि न दुखणारा पाय



परवा कोनला एका वाचक कुटुंबाकडे जाण्याचा योग आला. कल्याणचा दुर्गाडी पूल ओलांडून भिवंडीच्या रस्त्याला लागले की हे गाव येते. घरातल्या ताई जवळच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगच्या कामाला जातात, त्यांचे यजमान भिवंडीत लूमवर बारा तासांची पाळी करतात. चहाचे आधण ठेवता ठेवताच ताईंनी आम्हाला बजावले, "पेपरात एवढे आरोग्याचे लिहिता, एकदा आमच्या टाचांचे लिहा की!"

त्यांची तक्रार अशी. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल जमिनीवर टेकवले की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ येते. दहा-पंधरा पावले टाकली की जरा मोकळे वाटते. दिवसभर लादीवर उभे राहून घरी आल्यावर पुन्हा तेच. एका दवाखान्यात एक्स-रे काढला, तेव्हा "हाड वाढले आहे" एवढेच ऐकायला मिळाले. झाले! हाड वाढले म्हणजे कापावे लागणार, या धास्तीने त्यांची झोप उडाली.

ताईंना आम्ही जे सांगितले तेच इथे सांगतो. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखाली एक चिवट पट्टा असतो. पायाची कमान तो धरून ठेवतो. कडक जमिनीवर तासन् तास उभे राहणे, वाढलेले वजन, झिजलेली सपाट चप्पल यांनी टाचेजवळ त्या पट्ट्याला ताण बसतो आणि तो दुखू लागतो. रात्रभर पाय सैल असतो, पट्टा आखडतो, म्हणून पहिले पाऊल सर्वांत वाईट. हे एवढे लक्षण सांगितले आणि टाचेच्या आतल्या बाजूला अंगठ्याने दाबून पाहिले की जाणत्या डॉक्टरला बहुधा एक्स-रेशिवायच निदान होते. राहिले ते वाढलेले हाड. तसले टोक टाच कधीच न दुखलेल्या कितीतरी माणसांच्या एक्स-रेतही दिसते. दुखण्याचे मूळ ते नव्हे. त्यासाठी ऑपरेशन करायची पाळी क्वचितच येते.

उपाय स्वस्त आहे, पण चिकाटीचा आहे. उठण्यापूर्वी अंथरुणातच पाय लांब करून बसावे, टॉवेल पायाच्या बोटांना अडकवून आपल्याकडे ओढावा, अर्धा मिनिट धरावा, सोडावा. असे पाच-सहा वेळा. मग भिंतीला हात टेकून, दुखरा पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, असे पुढे झुकून पोटरी ताणावी. संध्याकाळी पाण्याची बाटली बर्फासारखी गोठवून, टॉवेलात गुंडाळून, ती तळव्याखाली फिरवावी. घरातल्या लादीवरसुद्धा अनवाणी फिरू नये. आराम पडायला आठवडे नव्हे, महिने लागतात. बहुतेकांना वर्षाच्या आत पडतो. टाचेतल्या इंजेक्शनाने काही दिवस बरे वाटते, पण ते वारंवार घेतले तर टाचेखालची नैसर्गिक गादी झिजते आणि कधी तो पट्टाच तुटतो. दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून महिनोन्‌महिने खाणाऱ्यांनी आपल्या जठराचा आणि मूत्रपिंडाचा विचार करावा.

ताईंची चप्पल पाहिली. टाचेकडे कागदासारखी झाली होती. "मुलांचे झाल्यावर बघू," म्हणाल्या. आपल्या घरांत चपलेचा नंबर नेहमी शेवटचा! आपल्या आजोबा-पणजोबांना गावकीतून जाताना कित्येक ठिकाणी वहाणा हातात घ्याव्या लागत. त्या अपमानातून बाहेर आलेल्या समाजाने तरी चपलेला चैन समजू नये. विनयपिटकाच्या महावग्गात सोण कोळीविस या भिक्खूची कथा आहे. श्रीमंताघरचा मुलगा, तळवे अगदी नाजूक. चंक्रमण करून करून त्याचे पाय फुटले, चालण्याची वाट रक्ताने माखली. भगवंतांनी त्याला एकपदरी वहाणा घालायला सांगितले. तो म्हणाला, संघाला परवानगी असेल तरच मी घालीन. तेव्हा भगवंतांनी सर्व भिक्खूंना ती परवानगी दिली. पिलिंदवच्छ या दुसऱ्या भिक्खूच्या पायांना भेगा पडल्या, तेव्हा पायांना तेल चोळण्याची अनुज्ञा मिळाली. पायाचे दुखणे क्षुल्लक म्हणून तथागतांनी टाळले नाही. म्हणून ताई, पुढच्या पगारात जाड, मऊ तळव्याची, टाचेला किंचित उंच, मागे पट्टा असलेली चप्पल आधी!

तेवढ्यात धाकटे दीर लंगडत आले. आदल्या दिवशी टेम्पोतून उतरताना पाय मुरगळला होता आणि शेजारच्या काकांनी तेल लावून तो ओढून "बसवून" दिला होता. घोटा वांग्यासारखा सुजलेला. मुरगळल्यावर पहिले दोन-तीन दिवस चोळणे, ओढणे, शेकणे नको. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे, क्रेप बँडेज आणि पाय उशीवर. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेवर दाबून पाहावे. तिथे हाडच दुखत असेल किंवा चार पावलेही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढायलाच हवा. त्यांना पावले टाकता येत होती, हाडही दुखत नव्हते. सूज उतरली की रोज त्या एका पायावर तोल सांभाळून उभे राहण्याचा सराव करा, असे त्यांना सांगितले. तो न केल्यानेच एकदा मुरगळलेला पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो.

पावसाळ्यातल्या चिखल्यांबद्दल पूर्वी लिहिले आहे. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा आणि मेडिकलवाला देईल ते मिश्र मलम लावू नका, एवढेच.

या साऱ्या गडबडीत खाटेवर बसलेले आजोबा काहीच बोलत नव्हते. वय सत्तरीच्या आसपास, मधुमेह बारा वर्षांचा. आम्ही विचारले, "बाबा, तुमचे पाय कसे?" म्हणाले, "एकदम झकास. काही दुखत नाही."

आम्हाला तिथेच शंका आली. पाय वर घेऊन तळवा पाहिला. अंगठ्याच्या मुळाशी रुपयाएवढी काळपट जखम, भोवती ओल. चप्पल उलटी करून पाहिली तर तळातून एका चुकेचे टोक वर आलेले! त्या चुकेवर ते किती दिवस चालले, त्यांनाही ठाऊक नव्हते.

मधुमेह अनेक वर्षे आटोक्याबाहेर राहिला की पायांच्या नसा निकामी होत जातात. कुणाला मुंग्या येतात, आग होते, रात्री पाय ठणकतात. बाबासाहेबांनाही मधुमेह होता आणि पायांच्या दुखण्याने त्यांना अखेरची वर्षे फार छळले. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला दीक्षेसाठी ते उभे राहिले ते काठीच्या आधाराने. पण कुणाच्या नसा न दुखताच बधिर होतात. मग खडा टोचत नाही, फोड समजत नाही, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. रक्तपुरवठाही कमी झालेला असतो, जखम भरत नाही, हाडापर्यंत जाते. मधुमेह्यांचे पाय कापावे लागतात त्यांतले बहुतेक अशाच लहानशा जखमेपासून सुरू झालेले असतात. ताईंची टाच त्यांना रोज रडवते, पण तिच्यामुळे पाय जाणार नाही. आजोबांचा झकास पाय जाऊ शकतो.

घरच्या घरी एक परीक्षा करता येते. माणसाला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला आपल्या बोटाने अगदी हलका, एक-दोन सेकंद स्पर्श करा. दाबू नका, घासू नका. कळले तेव्हा त्याने "हो" म्हणायचे. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी "हो" आले नाही तर पाय बधिर होऊ लागला आहे असे धरून डॉक्टरकडे जा. डॉक्टर नायलॉनच्या बारीक तारेने आणि कंप पावणाऱ्या चिमट्याने हीच परीक्षा अधिक नेमकी करतात, पायाची नाडी पाहतात. मधुमेह नसूनही बधिरपणा किंवा बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी जरूर करा. त्याची औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, आणि वेळीच घेतली तर पाय वाचतो. यात लाजण्यासारखे काही नाही.

मधुमेह्यांनी भोवरीवर ब्लेड चालवू नये, भोवरीची औषधी पट्टीही लावू नये, तिच्यातले आम्ल कातडी जाळते. पाय गरम पाण्यात बुडवून बसू नये. नखे सरळ कापावीत. चप्पल घालण्यापूर्वी आत हात फिरवावा. आणि पाय अचानक लाल, गरम, सुजलेला झाला, तर दुखत नसला तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आम्ही आजोबांची परीक्षा घेतली. सहापैकी एकदाच "हो" आले. थोरल्या नातीने रिक्षा आणली. बाबा कुरकुरत होते, "दुखत नाही तर दवाखाना कशाला?" साखर तीनशेच्या वर निघाली. मेलेली कातडी काढून डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि त्या पायावर भार देऊ नका, असे बजावले. आता ड्रेसिंगला एक दिवसाआड जातात. नात रोज संध्याकाळी दुसऱ्या पायाच्या तळव्याखाली आरसा धरून पाहते.