खोकला आधी ऐकू येतो तो शेजारणीला

‘रोग ओळखणं हे डॉक्टरचं काम. गावातल्या बायांनी त्यात पडू नये.’ आशाताई, म्हणजे गावातलीच आरोग्य कार्यकर्ती, दारात उभी राहिली की असं म्हणणारं कुणीतरी भेटतंच. म्हणणारे सगळेच आढ्यताखोर नसतात. अर्धवट ज्ञानाने माणसं दगावली आहेत, भोंदूंनी घरं बुडवली आहेत, ही त्यांची भीती खरी आहे. पण तिच्यातून ते जो निष्कर्ष काढतात तो मला साफ अमान्य आहे. त्याचं उत्तर आपल्याच अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात, जामखेडला, पन्नास वर्षांपूर्वी देऊन झालं आहे.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. आधी त्यांनी शिकलेल्या परिचारिका गावोगाव पाठवून पाहिल्या. त्यांचा गावात जम बसेना. मग गावातल्याच बाया निवडल्या. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या. दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकायचं आणि परत जाऊन घरोघर फिरायचं, असा क्रम लागला. ज्यांना कालपर्यंत ओट्यावरही कुणी चढू देत नव्हतं, त्या आता घरात जाऊन बाळाचं अंग पाहू लागल्या. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी.

त्या काळी कुष्ठरोग म्हणजे पूर्वजन्मीचं पाप. चट्टा दिसला की माणूस तो धोतराखाली, पदराखाली झाकायचा. हा रोग ओळखायला यंत्र लागत नाही. कापसाची वात पिळून तिचं टोक चट्ट्यावर हलकेच टेकवायचं. रोग्याने डोळे मिटलेले. जिथे स्पर्श झाला तिथे त्याने बोट ठेवायचं. चट्ट्याबाहेर बोट बरोबर जातं आणि चट्ट्यावर टेकवलं तर हात मांडीवरून हलतच नाही, म्हणजे तिथली संवेदना गेली. यासाठी अक्षर कशाला यायला हवं? हवा तो विश्वास, की ही बाई माझा चट्टा पाहून चावडीवर सांगणार नाही. तो विश्वास बाहेरून आलेल्या डॉक्टरला एका दिवसात मिळत नाही.

‘पण खात्रीचं निदान प्रयोगशाळेतच होतं ना?’ होय, खात्री तिथेच. मात्र प्रयोगशाळेला आधी कुणीतरी नेमका प्रश्न विचारावा लागतो. तो न विचारता काय होतं, ते तालुक्याच्या कुठल्याही बाजारपेठेत दिसतं. दोन दिवसांचा ताप, लगेच रक्ताची विडाल चाचणी, ‘टायफॉइड निघाला’, सलाईन लागलं. एकट्या विडालवर भिस्त ठेवता येत नाही. पूर्वीच्या संसर्गानेही ती सकारात्मक येते. टायफॉइडची खात्री रक्ताच्या कल्चरनेच होते. म्हणजे अर्धवट ज्ञानाचा धोका शिकलेल्यांच्या हातूनही तितकाच आहे, आणि तिथे रोग्याचे पैसेही जातात.

रोग पसरतो कसा, हे न कळल्याचं नुकसान तर घरात बसून सोसावं लागतं. क्षयाच्या रोग्याचं ताट-वाटी वेगळी काढतात. क्षय भांड्यातून येत नाही. तो खोकल्यातून, बंद खोलीच्या हवेतून येतो. खिडकी मात्र गारठ्याच्या भीतीने लावलेली असते! गोवराचं पुरळ उठलं की पोराला वेगळं ठेवतात, पण पुरळाच्या चार दिवस आधीपासूनच ते दुसऱ्यांना गोवर देत असतं. डेंगी झाला की लोक गटारीला शिव्या देतात. त्याचा डास मात्र अंगणातल्या रांजणाच्या स्वच्छ पाण्यात वाढतो. आठवड्याचा ‘कोरडा दिवस’ म्हणूनच सांगतात. अंड्यातून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, त्याआधी रांजण घासून वाळवला की साखळी तुटते. घासूनच, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी असतानाही महिनोन्महिने टिकतात.

हे सगळं कोण सांगणार? पंधरा-पंधरा दिवस रात्री खोकणारा म्हातारा सकाळी ‘धूर लागला’ म्हणतो, पण त्याचा खोकला भिंतीपलीकडच्या बाईने ऐकलेला असतो. ती रोगाचं नाव ठरवत नाही, संशय घेते आणि थुंकीचा डबा हातात देते. निदान डॉक्टरनेच करावं, औषध त्यानेच लिहावं, यावर वाद नाहीच. माझी मागणी एवढीच आहे की तिने पाठवलेल्या डब्याचा अहवाल रोग्याइतकाच तिलाही, नावानिशी आणि वेळेवर मिळावा. तो आला नाही तर पुढच्या दारात तिने कुठल्या तोंडाने विचारायचं, ‘घरात कुणाला खोकला आहे का?’